मावसभावाचं टक्कल, मागचे ४७०० ग्राफ्ट आणि एका सेंटिमीटरवरून झालेलं भांडण

मावसभाऊ माझा, तेव्हा वय २७, घर सांगलीला, नोकरी हिंजवडीत. एक दिवस रात्री साडेअकराला फोन, "दादा, बायोडेटासाठी फोटो काढायला गेलेलो, फोटोग्राफर म्हणाला मान जरा वर करा, लाइट कपाळावरून परत येतोय." मी हसलो, तो नाही हसला. मग म्हणाला पुढच्या शनिवारी एका ठिकाणी हेअर ट्रान्सप्लांटचं ऑपरेशन बुक करतोय, ऑफर संपतेय, तू येशील का सोबत. मला का विचारलं, तर आमच्या अख्ख्या खानदानात टकलाचा सगळ्यात सीनियर अनुभव माझा. माझे तिशीतच गेले, मी दोन वर्षं कंगव्याने इकडचे तिकडे केले आणि मग रेझर मारून मोकळा झालो. त्यामुळे हे सगळं लिहिणारा माणूस डॉक्टर नाही, फक्त सगळ्या अपॉइंटमेंटला शेजारच्या खुर्चीत बसलेला आहे. पण वही मी ठेवली होती, आकडे त्यातलेच आहेत.

आधी परिस्थिती सांगतो. दोन्ही बाजूचे कोन आत गेलेले, मागे भोवऱ्याजवळ पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी विरळ जागा. डॉक्टर लोक नॉरवूड स्केलवर मोजतात, १ ते ७, त्यात हा ३ व्हर्टेक्स, म्हणजे पुढचं आणि भोवऱ्याचं दोन्ही सुरू. त्याचे वडील, म्हणजे काका, सरळ ६ नंबर, फक्त कानाच्या वरून मागे जाणारी झालर राहिलीय. आणि आईचे वडील, आमचे आजोबा, ऐंशीला गेले तेव्हाही डोकं भरलेलं. यावरून मावशीचं ठाम मत होतं की टक्कल आईच्या वडिलांकडून येतं, आमच्याकडे नाहीच, म्हणजे पोराला काही होणार नाही, हे सगळं पुण्याच्या पाण्याने झालंय. आता त्यात अर्धं खरं आहे, एक महत्त्वाचा जीन आईकडून येणाऱ्या एक्स क्रोमोझोमवर असतो, पण बाकी कितीतरी जीन दोन्हीकडून येतात, त्यामुळे काकांकडे बघून काळजी करणं जास्त शहाणपणाचं होतं. पुण्याच्या पाण्याचा काही संबंध नाही, पण ते मावशीला सांगायला मी गेलो नाही.

तो ऑफरवाला क्लिनिक आधी बघून आलो. नाव लिहीत नाही. एसी फुल, भिंतीवर आधी-नंतरचे फोटो, आणि ब्लेझर घातलेला एक काउन्सेलर, डॉक्टर नाही. त्याने लांबूनच डोकं बघितलं, मागे हातसुद्धा लावला नाही, आणि म्हणाला ४५०० ग्राफ्ट, म्हणजे मागून मुळासकट काढून पुढे लावायचे तुकडे, एकाच सिटिंगमध्ये, ९९,९९९ रुपये, आज टोकन दिलं तर चार पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातून काढून डोक्यात टोचायची इंजेक्शनं, फ्री. मग आयपॅडवर भावाच्या फोटोवर बोटाने हेअरलाइन काढून दाखवली, भुवयांच्या इतकी जवळ की बारावीच्या हॉल तिकिटावर पण त्याची एवढी खाली नव्हती. भाऊ खूश. मी विचारलं ऑपरेशन कोण करणार, तर म्हणे आमची एक्सपर्ट टीम. टीममध्ये डॉक्टर कोण, तर म्हणे सर सुपरव्हाइज करतात. सर कुठायत, तर आज दुसऱ्या ब्रँचला.

इथे मी अडून बसलो. २०१९ ला मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा अशा मॅरेथॉन सिटिंगनंतर मृत्यू झाल्याची बातमी मी वाचलेली होती, ९००० च्या वर ग्राफ्ट एका दमात. आणि त्यानंतर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने स्पष्ट सांगितलंय की हेअर ट्रान्सप्लांट हे प्रशिक्षित डॉक्टरनेच करायचं, यूट्यूबवर किंवा वर्कशॉपमध्ये बघून शिकणं म्हणजे ट्रेनिंग नाही. भूल टोचून बधिर करतात त्या औषधाला, लिग्नोकेनला, वजनाप्रमाणे कमाल मर्यादा असते, साध्याला साधारण किलोमागे साडेचार मिलिग्रॅम आणि अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं असेल तर ७. तास वाढले की डोस वाढत जातो, हे कोणीतरी मोजणारं तिथे हजर पाहिजे. टोकन दिलं नाही. भाऊ हिंजवडीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

दुसरीकडे मग स्किनच्या डॉक्टरीणबाई, ओळखीतून मिळालेल्या, ट्रान्सप्लांट स्वतः करणाऱ्या. त्यांच्याकडे पहिली अर्धी अपॉइंटमेंट पुढच्या टकलाकडे बघणंच नाही, सगळं लक्ष मागे. लॅपटॉपला जोडलेली एक छोटी भिंग-कॅमेरासारखी वस्तू त्यांनी भावाच्या मानेच्या वर टेकवली आणि स्क्रीनवर त्याचं डोकं असं दिसायला लागलं जसं भाताचं रोप लावलेलं शेत वरून दिसावं, पुंजके पुंजके, कुठे एक काडी, कुठे दोन, कुठे तीन एका जागेतून उगवलेल्या. त्या पुंजक्यालाच फॉलिक्युलर युनिट म्हणतात आणि ग्राफ्ट म्हणजे असा एक पुंजका, एक केस नव्हे. निम्मे लोक इथेच फसतात, कारण विकणारा कधी ग्राफ्ट म्हणतो कधी केस म्हणतो.

बाईंनी मोजलं, एका चौरस सेंटिमीटरला ७२. मग टेपने मागचा सेफ भाग मोजला, म्हणजे जिथले केस बापाच्या नंबरला पोचल्यावर सुद्धा टिकतील अशी पट्टी, ती अंदाजे १८० चौरस सेंटिमीटर. ७२ गुणिले १८०, साधारण १३,००० युनिट. त्यातले तिसरा हिस्सा, फार तर थोडे जास्त काढले तर मागे विरळ दिसत नाही, त्याच्या पलीकडे गेलं की मागून कसर लागल्यासारखं दिसतं. म्हणजे आयुष्यभराचा कोटा साधारण ४७००. बाईंनी पेनाने कागदावर लिहिलं ४७०० आणि त्याला गोल केला.

मग उलटं गणित. काकांच्या डोक्यासारखं झालं तर उघडी पडणारी जागा साधारण २०० चौरस सेंटिमीटर. ४७०० भागिले २००, तर प्रत्येक सेंटिमीटरला २३ च्या आसपास, मूळच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच. आणि पहिल्या क्लिनिकवाला याच्यातले ४५०० आत्ता, २७ व्या वर्षी, पुढे ओतणार होता. पुढे जंगल, आणि दहा वर्षांनी मधे आणि मागे माळरान, आणि डबा रिकामा. भाऊ त्या कागदाकडे बघत बसला, पहिल्यांदा मला वाटलं की याच्या डोक्यात शिरलं.

कारण हे सगळं ऑपरेशन मुळात केस नवीन बनवत नाही, इकडचे तिकडे लावतं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला नॉर्मन ओरेंट्राइख नावाच्या डॉक्टरने टकलावर पहिल्यांदा हे केलं आणि १९५९ मध्ये पेपर छापला, त्यातला मुद्दा एवढाच की मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्याच स्वभावाने वागतो, गळत नाही. जपानमध्ये ओकुदा यांनी १९३९ मध्येच भाजलेल्या डोक्यांवर असं केलं होतं, पण युद्धाच्या धामधुमीत ते बाहेर कोणाला कळलंच नाही. पण तेव्हाचे तुकडे ४ मिलिमीटरचे, एकेका तुकड्यात १५-२० केस, त्यामुळे ते बाहुलीच्या डोक्यासारखे गुच्छ गुच्छ दिसायचे. आता पंच, म्हणजे कातडी गोल कापायचं पोकळ हत्यार, असतो ०.८ ते १ मिलिमीटरचा.

बाकीचे पर्याय पण मी विचारले, कारण मला वाटलेलं की सर्जरी म्हणजे एकच प्रकार. टकलाची कातडी कापून दोन्ही बाजू ओढून शिवायची, स्काल्प रिडक्शन, हे ७०-८० च्या दशकात जोरात होतं, पण कातडी पुन्हा ताणली जाते आणि मधे खाच दिसते, म्हणून मागे पडलं. बाजूच्या केसांची लांब पट्टी एका टोकाने जोडलेली ठेवून पुढे फिरवायची, तो फ्लॅप, अर्जेंटिनाच्या हुरी यांच्या नावाने ओळखतात, त्यात रात्रीत दाट हेअरलाइन मिळते पण केसांची दिशा उलटी आणि पट्टी मेली तर भोगा. भाजलेल्या किंवा अपघाताच्या केसमध्ये कातडीखाली फुगा घालून फुगवणं अजून चालतं, साध्या टकलाला कोणी करत नाही. नकली धागे टोचायचे, ते तर अमेरिकेत एफडीएने १९८३ मध्येच बंद केले, इन्फेक्शन व्हायचं. म्हणजे आज उरतं काय तर एफयूटी नाहीतर एफयूई.

यावर भावाचं आणि बाईंचं खरं डिस्कशन झालं. एफयूटीमध्ये मागून कातडीची एक लांब पट्टी काढतात, शिवतात, आणि टेक्निशियन मायक्रोस्कोपखाली तिचे युनिट वेगळे करतात. ग्राफ्ट चांगले निघतात, मागची दाटी सगळीकडे पातळ होत नाही, पण कानापासून कानापर्यंत एक रेघ राहते. एफयूईमध्ये एकेक युनिट पंचने गोल कापून उपसतात, टाका नाही, रेघ नाही, पण हजारो बारीक ठिपके राहतात आणि पंचचा कोन चुकला तर आत मूळच कापलं जातं, ते ग्राफ्ट वाया. बाईंचा कल एफयूटीकडे होता, म्हणजे पुढे लागलं तर एफयूईचा माल शिल्लक राहतो. भावाने एकच प्रश्न विचारला, "बाजूने मशीन मारता येईल का?" कारण त्याला फेड कट पाहिजे. फेड पाहिजे तर रेघ नको. एफयूई ठरलं. मला विचाराल तर लग्न जमवायला आलेल्या माणसाने एवढ्या मोठ्या निर्णयात फेड कटला इतकं वजन देणं मला पटलं नाही, पण डोकं त्याचं.

पण लगेच नाही. बाई म्हणाल्या आधी दहा महिने औषध, मग बघू. कारण ट्रान्सप्लांट केलेला केस टिकतो पण त्याच्या शेजारचे जुने केस गळायचे ते गळतातच, औषध नसेल तर दोन वर्षांत नवी ओळ पुढे एकटी उभी आणि मागे रिकामं बेट. मिनॉक्सिडिल लावायचं, जे मुळात ब्लड प्रेशरची गोळी होती आणि लोकांना अंगावर केस यायला लागले म्हणून इकडे वळवलं, आणि फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम, जी टकलासाठी १९९७ पासून अमेरिकेत मंजूर आहे, ती केस बारीक करणारं डीएचटी हार्मोन साधारण ७० टक्क्यांनी खाली आणते. भाऊ या गोळीला जाम घाबरला, नेटवर वाचून आलेला. बाईंनी लपवलं नाही, म्हणाल्या काही जणांना इच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास, मूड खाली जाणं असं होऊ शकतं, टक्का कमी आहे पण झालं तर मला फोन कर आणि बंद कर, आणि गोळी चालू असताना रक्तदान करायचं नाही. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणायच्या नाहीत. त्याला काही झालं नाही. पण पहिल्या दीड महिन्यात मिनॉक्सिडिलने उलटे जास्त केस गळले, तेव्हा त्याने मला रोज उशीचा फोटो पाठवला. रोज. मी शेवटी म्यूट केला.

दहा महिन्यांनी भोवऱ्याची जागा थोडी भरलेली, पुढचे कोन तसेच. आता हेअरलाइन आखायचा दिवस, आणि इथे भांडण झालं. बाईंनी पेन्सिलने रेघ काढली, भुवयांच्या मधल्या जागेपासून साडेसात सेंटिमीटर वर, चार बोटं आणि थोडं जास्त, आणि कोन गोल भरले नाहीत, थोडे आत ठेवले. भाऊ आरशात बघून म्हणाला एवढंच? एक सेंटिमीटर खाली घ्या ना. बाईंनी पुन्हा कागद काढला. रुंदी १४ सेंटिमीटर, एक सेंटिमीटर खाली म्हणजे १४ चौरस सेंटिमीटर वाढले, प्रत्येकी ४० लावले तर ५६० ग्राफ्ट. "तुझ्या ४७०० मधले ५६० तुला कपाळ झाकायला घालवायचेत का, जे पन्नाशीत कोणाचंच झाकलेलं नसतं?" भाऊ म्हणाला पण मॅडम पन्नाशीत मला कोण बघणार आहे. बाई म्हणाल्या तुझी बायको. मी खुर्चीत हसू दाबत बसलो. शेवटी रेघ दोन मिलिमीटर खाली सरकली, त्याच्या समाधानासाठी.

ठरलं ते असं: पुढचा ५० चौरस सेंटिमीटर, २१५० ग्राफ्ट. भोवऱ्याला हात नाही. ग्राफ्टमागे ४५ रुपये, म्हणजे ९६,७५०, वर १८ टक्के जीएसटी १७,४१५, एकूण १,१४,१६५. जीएसटी बघून भाऊ चिडला, म्हणे दवाखान्याला टॅक्स कसला. पण कायद्यात आरोग्यसेवेला जी सूट आहे त्यातून हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन वगळलंय, जन्मजात व्यंग किंवा अपघात वगैरेची दुरुस्ती असेल तरच सूट. मेडिक्लेम तर सोडाच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ८ ला. आधी ब्लड रिपोर्ट तपासलेले, डोकं भादरलेलं, भाऊ एखाद्या मुंज झालेल्या बटूसारखा दिसत होता. बधिर करायची इंजेक्शनं तेवढी दुखतात, त्याने टेबलाची कड अशी पकडलेली की बोटं पांढरी. त्यानंतर पालथं झोपून, तोंड भोक असलेल्या उशीत, मागचं काम तीन तास. पंचचा आवाज म्हणजे भिंतीत दूर कुठेतरी मच्छर अडकल्यासारखा. मला काचेतून थोडा वेळ बघू दिलं. ओल्या गॉझवर, थंड सलाइनमध्ये, ग्राफ्ट रांगेने ठेवलेले, एकेक म्हणजे जुडीतून सुटलेला कोथिंबिरीचा सगळ्यात बारीक देठ मुळासकट, फक्त काळा, आणि मुळाशी पारदर्शक चरबीचा थेंब. टेक्निशियन मुली भिंगाचे चष्मे लावून मोजत होत्या, एकेरी वेगळे, दुहेरी वेगळे. शेवटचा हिशोब मी वहीत घेतला: एकेरी ४८०, दुहेरी ११६०, तिहेरी ४३०, चौकडीचे ८०. म्हणजे ४४१० केस. एकेरी सगळे पहिल्या ओळीला, कारण खरी हेअरलाइन तशीच असते, आरशात नीट बघा, सगळ्यात पुढचे केस एकटे आणि बारीक आणि वेडेवाकडे असतात. जाड तिहेरी पुढे लावले की लगेच लावल्यासारखं दिसतं.

छिद्रं सगळी बाईंनी स्वतः पाडली, कोन पुढे झुकलेला ठेवून, मग टेक्निशियननी त्यात चिमट्याने बसवले. मधे जेवण, वरण भात, बसून. पाचला संपलं.

घरी जाताना पहिला घोळ. टॅक्सीत बसताना डोकं दाराच्या चौकटीला लागलं. जोरात नाही, पण टिश्यू लावला तर त्यावर रक्ताचा ठिपका आणि त्यात मोहरीएवढं काहीतरी, केसासकट. एक ग्राफ्ट निघाला. भाऊ रस्त्यातच थरथरायला लागला, "दादा ४५ रुपये गेले." बाई फोनवर म्हणाल्या दहा मिनिटं हलकं दाबून धरा, एकाने काही होत नाही, पहिले पाच-सहा दिवस मात्र असंच जपा, नऊ-दहा दिवसांनी ओढले तरी निघत नाहीत. मग रात्री पाठीला तीन उशा लावून अर्धं बसून झोप, दर दोन तासांनी सलाइनचा स्प्रे. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज उतरून डोळ्यांवर आली, डोळे बारीक, सगळा चेहरा वडापावसारखा. नेमकी त्याच दिवशी मावशी सांगलीहून आली, तिला सरप्राइज होतं. दारातच, "अगं बाई, कुणी मारलं रे माझ्या पोराला?" सूज दोन दिवसांत गेली, मावशीचा राग गेला नाही, माझ्यावरच.

आणि तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळायला लागले. हे आम्हाला सांगितलेलं होतं, वहीत लिहिलेलं होतं, अधोरेखित होतं. मुळं आत राहतात, वरची काडी पडते, विश्रांती घेऊन तीन-चार महिन्यांनी नवीन येते. तरी बघताना पोटात गोळा येतो. मावशीचं म्हणणं, "गळायलंय की सगळं, पैसे परत मागा त्या बाईकडून, आणि मी आणलेलं घाण्याचं खोबरेल लावा." तेल त्या काळात नाही लावलं, बाटली कपाटामागे लपवली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो आधीपेक्षा वाईट दिसत होता, त्यात दोन कांदेपोहे झाले, दोन्ही ठिकाणी टोपी घालून गेला, दोन्हीकडून नकार. नकार टोपीमुळे की कशामुळे, देव जाणे.

चौथ्या महिन्यात कोंब आले, बारीक, थोडे कुरळे, रंगाने भुरकट. आठव्याला विंचरता यायला लागलं. बाराव्याला ऑफिसमध्ये नव्याने आलेल्या माणसाला काही कळत नव्हतं, मात्र ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसला की कातडी दिसते, सेंटिमीटरला ४३ लावल्याची दाटी म्हणजे मूळची ७२ नव्हे, हे मान्यच करायला लागतं. भोवरा गोळीवर टिकून आहे, पण गेल्या फोटोशी ताडून बघितलं तर किंचित वाढलाय असं मला वाटतं, त्याला वाटत नाही. मागे प्रत्येक सेंटिमीटरला १२ काढले, ७२ चे ६० झाले, हात फिरवला तरी कळत नाही. कागदावरच्या ४७०० खाली बाईंनी वजाबाकी करून दिलीय, शिल्लक २५५०, आणि तो कागद त्याने मोबाइल कव्हरच्या आत घडी करून ठेवलाय.

दिवाळीला सांगलीला गेलो तेव्हा तो त्याच्या लहानपणापासूनच्या केशकर्तनालयात गेला, मीही सोबत, मला काही कापायचं नसलं तरी. फेड मागितला, बाजूने झिरो. मशीन मागे वर चढलं आणि मालक थांबले, चष्मा नाकावर खाली घेतला, अंगठ्याने कातडी ताणून बघितली. पांढरे ठिपके, बारीक, रवा सांडल्यासारखे.

"हे काय झालंय रे, देवी आल्या होत्या का?"

भाऊ आरशात माझ्याकडे बघायला लागला. मी पेपर वर केला.

"एक नंबर लावा काका," तो म्हणाला, "झिरो नको."